किडनी ट्रान्सप्लांटनंतरचे पहिले महिने आणि कोविड : घरात काय काय पाळायचं?

मोगरा_डोंबिवली | २० जुलै २०२५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मे महिन्यात अहोंचं किडनी ट्रान्सप्लांट झालं. किडनी सासूबाईंनी दिली. दोघंही छान आहेत, अहोंचं क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ततपासणी) स्थिर आहे. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) या तीन मुख्य गोळ्या, शिवाय संसर्ग होऊ नये म्हणून सेप्ट्रान आणि व्हॅलगॅनसिक्लोव्हिर. ऑपरेशनच्या वेळी एटीजीची (प्रतिकारशक्ती एकदम खाली आणणारी) इंजेक्शनंही दिली होती.

आम्ही हॉस्पिटलात होतो नेमके तेव्हाच मुंबईत कोविडचे पेशंट पुन्हा वाढले. त्या वेळी सगळे मास्क लावत होते. आता विषय काढला की लोक माझ्याकडे अशा नजरेने बघतात, जणू मी २०२० सालातच अडकून पडलेय. डिस्चार्जच्या वेळी मिळालेल्या कागदावर 'गर्दी टाळा, मास्क वापरा' एवढंच आहे. पण घरात लेक पाचवीला, ती रोज शाळेच्या व्हॅनने जाते. कामाला मावशी येतात, त्या आणखी चार घरी जातात. गर्दी टाळायची म्हणजे नक्की कोणाला टाळायचं?

आणि खरा प्रश्न पुढेच आहे. २७ ऑगस्टला गणपती. गुहागरजवळ आमचं सामायिक घर, सगळी भावकी जमते. सासूबाईंनी किडनी दिल्यापासून एकच धोशा लावलाय, 'यंदा त्याला बाप्पासमोर उभा करायचाच'. त्यांना नाही म्हणायची माझी हिंमत नाही.

२०२१ मध्ये अहोंचे कोविशिल्डचे दोन डोस झालेत. पुढचा राहिला तो राहिलाच. आता काय करावं? अनुभवी लोकांनी लिहा, प्लीज.

---

खडीसाखर | २० जुलै

सासूबाईंना साष्टांग नमस्कार सांग. बाकी जाणकार लिहितीलच. वाचतेय.

---

रोखठोक | २० जुलै

ताई, राग मानू नका, पण कोरोना संपला. जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२३ च्या मे महिन्यात आणीबाणी उठवली. आता ती साधी सर्दी आहे, सगळ्यांना होऊन गेलीय. पेशंटला इतकं घाबरवून ठेवलंत तर तो मनानेच आजारी पडेल. काढा द्या, उन्हात बसवा, प्रतिकारशक्ती आपोआप वाढेल.

---

नाना_सांगलीकर | २० जुलै

रोखठोकशेठ, त्या 'प्रतिकारशक्ती वाढेल'वरच सगळं अडतं. आमच्या गोळ्या असतात त्याच मुळी प्रतिकारशक्ती दाबायला. ती वाढली की शरीर म्हणणार, ही किडनी कोणाची, काढा बाहेर. तुमचा काढा लागू पडला तर आमचं रिजेक्शन होईल.

मोगराताई, मी २०१८ चा. किडनी बायकोची. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, मला कोविड झाला. तेव्हा बेड मिळत नव्हते ते सगळ्यांना ठाऊक आहे. एका हॉस्पिटलात दाखल झालो, तिथल्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांना ट्रान्सप्लांटच्या औषधांची फारशी माहिती नव्हती. माझ्या नेफ्रॉलॉजिस्टने, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, फोनवरून त्यांना सांगितलं की मायकोफेनोलेट थांबवा, टॅक्रो चालू राहू द्या, स्टेरॉइड बंद करू नका. क्रिएटिनिन वर गेलं, मग सावकाश खाली आलं. घरी आल्यावर म्युकरची, म्हणजे काळ्या बुरशीची, धास्ती. स्टेरॉइडने साखर चढलेली, त्यामुळे नाक जरा चोंदलं तरी बायको टॉर्च घेऊन टाळू बघायची.

हे सांगायचं कारण, तो एक फोन लागला म्हणून मी तरलो असं मला वाटतं. तुमच्या हॉस्पिटलातल्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये हवा, लेकीलासुद्धा ठाऊक हवा. औषधांची यादी डोससकट एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. आणि ताप आला, कोविड झाला म्हणून एकही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. कोणती थांबवायची, कोणती नाही, हे फक्त ट्रान्सप्लांटची टीम ठरवणार.

---

परिचारिका_निवृत्त | २१ जुलै

पुण्यात बरीच वर्षं ट्रान्सप्लांट युनिटमध्ये काम केलं आहे. डॉक्टर नाही, तेव्हा मी लिहिते ते तुमच्या डॉक्टरांपुढे प्रश्न म्हणून ठेवा.

एटीजी दिलंय म्हणजे टी-पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) बऱ्याच खाली आणल्या आहेत आणि त्या सावरायला महिने लागतात. सुरुवातीला गोळ्यांचे डोसही जास्तच असतात. त्यामुळे 'सगळ्यांना होऊन गेलाय' हा हिशेब अहोंना लागू नाही. पूर्वीच्या लसीची, पूर्वीच्या आजाराची जी काही पुंजी होती तिच्यावर आत्ता भरवसा ठेवता येणार नाही.

लसीबद्दल. २०२१ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सने ६५८ ट्रान्सप्लांट पेशंट तपासले. एमआरएनए लसीचे दोन डोस होऊनही जेमतेम ५४ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या. निरोगी माणसांत त्या जवळपास सगळ्यांत सापडतात. मायकोफेनोलेट घेणाऱ्यांत प्रतिसाद आणखी कमी. त्याच वर्षी फ्रान्समध्ये तुलूजला तिसरा डोस देऊन पाहिला, तेव्हा प्रमाण ४० वरून ६८ टक्क्यांवर गेलं. म्हणजे लस घ्यायचीच, पण 'लस झाली, आता मोकळे' असं यांच्या बाबतीत नाही. अँटिबॉडी नसल्या तरी लसीचा थोडाफार उपयोग होतो, तेव्हा तो आकडा बघून निराशही होऊ नका.

कधी घ्यायची? शक्य असेल तर ट्रान्सप्लांटच्या आधी, कारण तेव्हा शरीर जास्त चांगला प्रतिसाद देतं. ते राहून गेलं असेल तर नंतर साधारण एक ते तीन महिने थांबतात, एटीजी दिलं असेल तर तीन महिन्यांकडे कल असतो. रक्तगट न जुळणाऱ्या ट्रान्सप्लांटमध्ये रिटुक्सिमॅब देतात, तसं असेल तर आणखी लांबतं. आपल्याकडे आता कोविडची लस मिळवणं हेच काम आहे. माझ्या भाचीसाठी चौकशी केली तर दोन ठिकाणी 'साठा नाही' असंच उत्तर मिळालं. डॉक्टरांकडून लेखी घेऊन मोठ्या खासगी हॉस्पिटलात विचारत राहा.

त्याबरोबर फ्लूची दरवर्षीची आणि न्यूमोकोकलची लसही विचारा. फ्लूची इंजेक्शनवाली निष्क्रिय लस चालते, नाकात फवारायची जिवंत लस नाही. जिवंत विषाणूच्या लशी म्हणजे एमएमआर, कांजिण्यांची, यलो फीव्हरची, यांना बंदी. घरातल्या बाकीच्यांनी मात्र आपापल्या लशी पूर्ण कराव्यात. अहोंचं अर्धं संरक्षण त्यांच्यातून येणार आहे.

---

वारा_खातो | २१ जुलै

पेशाने एसीची कामं करतो, म्हणून एवढंच. कोविड मुख्यतः हवेतून पसरतो. २०२० मध्ये आपण भाज्या साबणाने धुतल्या आणि खिडक्या बंद ठेवल्या. उलटं करायला हवं होतं.

घरातला स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, तीच हवा गार करून फिरवतो. पाहुणा आला आणि दार-खिडकी लावून एसी चालू केला की त्याचा श्वास तुमच्याकडेच येतो. हॉलची खिडकी उघडी, किचनचा एक्झॉस्ट चालू, आणि टेबल फॅन खिडकीजवळ बाहेरच्या दिशेने तोंड करून, एवढ्याने बराच फरक पडतो. खात्री करायची असेल तर कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र ऑनलाइन मिळतं. बाहेरच्या हवेत साधारण ४२० पीपीएम असतं. खोलीत ८०० च्या वर जायला लागलं की समजा, लोक एकमेकांचा उच्छ्वास घेतायत. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला मी एकदा ते नेलं, आकडा बघून सेक्रेटरींनी स्वतः उठून खिडक्या उघडल्या. एरवी ते पंख्याचं बटणसुद्धा दुसऱ्याला सांगतात.

पावसात खिडकी उघडता येत नसेल तर हेपा फिल्टरचा प्युरिफायर चालतो. तो विषाणूचे कण गाळतो, ताजी हवा मात्र देत नाही.

---

मोगरा_डोंबिवली | २१ जुलै

किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी! नानाकाका, यादीचा कागद आजच लिहिला आणि फ्रिजवरही चिकटवला.

परिचारिकाताई, लेकीचं काय करू? तिला शाळेत मास्क लावायला सांगितलं तर मुलं चिडवतात. आणि हे झोपतात त्या खोलीत तिने जायचं की नाही? ती बाबांना चिकटायला बघते, हे तिला लांब ठेवतात, मग दोघंही रडवेली.

---

परिचारिका_निवृत्त | २२ जुलै

लेकीला बाबांपासून तोडू नका. निरोगी मुलीने बाबांजवळ बसायला काही हरकत नाही. शाळेतून आल्यावर हातपाय धुऊन, कपडे बदलून मग जायचं. तिला घरात एकच नियम शिकवा, घसा खवखवला किंवा नाक गळायला लागलं तर ते आईला आधी सांगायचं आणि त्या दिवसापासून बाबांशी गप्पा दारातून. मुलं सर्दी लपवतात, कारण सांगितलं की बाबा मिळत नाहीत. म्हणून सांगितल्यावर ओरडू नका, शाबासकी द्या. शाळेच्या वर्गशिक्षिकांना एक चिठ्ठी द्या, वर्गात साथ आली की त्यांनी कळवावं. बहुतेक बाई आनंदाने कळवतात. व्हॅनमध्ये तेवढा मास्क लावला तरी पुष्कळ, ती सगळ्यात कोंदट जागा.

मावशींनाही तेच. 'सर्दी-ताप असेल तर येऊ नका, पगार कापणार नाही' हे स्वच्छ सांगा. पगार कापायच्या भीतीनेच त्या तापात येतात.

तुमच्या घरी कोणी आजारी पडलंच तर अहोंची खोली वेगळी, जेवण वेगळ्या वेळी, आणि दोन्ही बाजूंनी एन-९५. कापडी मास्क नको. व्हॉल्व्हवाला एन-९५ घालणाऱ्याला वाचवतो, पण त्याचा उच्छ्वास न गाळता बाहेर सोडतो. म्हणजे आजारी माणसाने तो न घातलेला बरा.

तपासणीच्या दिवशी सर्वांत जास्त धोका ओपीडीत. सकाळची पहिली वेळ मागा. टॅक्रोच्या लेव्हलचं, म्हणजे रक्तातलं त्याचं प्रमाण बघायचं, रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचं असतं, रात्रीच्या गोळीला बारा तास होत आले की. लॅब घरी येऊन घेत असेल तर तेवढी एक फेरी वाचते. वेळ मात्र चुकू देऊ नका.

---

औषधवाला | २२ जुलै

मेडिकल स्टोअर चालवतो. सर्दी-खोकल्याला लोक काउंटरवर येऊन गोळ्या मागतात, म्हणून हे मुद्दाम.

टॅक्रोलिमस ज्या एन्झाइममुळे शरीरात मोडलं जातं, त्याला अडवणारी औषधं घेतली की त्याची लेव्हल भराभर चढते आणि किडनीलाच इजा होते. क्लॅरिथ्रोमायसिन हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. बुरशीवरची व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल हीसुद्धा तशीच, ती फक्त टीमच्या देखरेखीखाली. उलट टीबीचं रिफॅम्पिसिन लेव्हल पाडतं. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नाही. पॅरासिटामॉल चालतं. जुलाब लागले तरी टॅक्रोची लेव्हल वाढू शकते, तेव्हा कोविडमध्ये पोट बिघडलं तर तेही कळवा.

कोविडवरचं पॅक्सलोव्हिड बहुतेकांनी ऐकलंय. त्यात निर्माट्रेलव्हिरबरोबर रिटोनाव्हिर असतं, आणि रिटोनाव्हिर त्या एन्झाइमचा गळाच आवळतं. ट्रान्सप्लांटवाल्याने टॅक्रो चालू ठेवून ते घेतलं तर लेव्हल कित्येक पट जाते. देता येतच नाही असं नाही, पण मग टॅक्रो काही दिवस थांबवून, लेव्हल बघत पुन्हा सुरू करावं लागतं. गल्लीतल्या डॉक्टरचं ते काम नव्हे. त्यापेक्षा बरेच नेफ्रॉलॉजिस्ट रेमडेसिव्हिरची तीन दिवसांची सलाइन पसंत करतात, टॅक्रोशी त्याचं भांडण नाही. मोलनुपिराव्हिरचंही नाही, पण त्याचा गुण कमी. सगळ्यांतला समान मुद्दा म्हणजे वेळ. पॅक्सलोव्हिड लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांत, रेमडेसिव्हिर सात दिवसांत. 'बघू दोन दिवस' करण्यात आपल्याकडे तेच निघून जातात.

गणपतीचा विषय निघालाच आहे तर, पपनस. कोकणात बाप्पापुढे हमखास असतं. ग्रेपफ्रूटच्या कुळातलंच ते, आणि त्याने टॅक्रोची लेव्हल वाढल्याची नोंद आहे. प्रसाद म्हणून फोडसुद्धा देऊ नका.

---

रोखठोक | २२ जुलै

बरं, काढ्याचं मागे घेतो. पण गुळवेल तर नैसर्गिक आहे ना? आमच्या घरी सगळे घेतात, कोणाला काही झालं नाही.

---

औषधवाला | २२ जुलै

२०२१ मध्ये मुंबईतल्या यकृताच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही पेशंटच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद झाला. तो वाद बाजूला ठेवू. ज्याचा दावाच 'इम्युनिटी वाढवते' असा आहे ती गोष्ट ट्रान्सप्लांटवाल्याने का घ्यावी, एवढं सांगा.

---

थेम्सकाठी | २३ जुलै

लंडनहून. माझं लिव्हर ट्रान्सप्लांट झालंय. इथली व्यवस्था सांगतो, तुलना म्हणून नव्हे, डॉक्टरांना काय विचारायचं याचा अंदाज यावा म्हणून.

इथे आमच्यासारख्यांना वसंत आणि शरद ऋतूत लस देतात. या, म्हणजे २०२५ च्या, शरदात ती ७५ वर्षांवरचे, वृद्धाश्रमातले आणि प्रतिकारशक्ती दबलेले, एवढ्यांनाच मिळणार, म्हणजे ६५ च्या माझ्या शेजाऱ्याला नाही पण मला आहे. रॅपिड टेस्टचे किट फार्मसीतून फुकट मिळतात. टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच कळवायचं. टॅक्रोमुळे मला पॅक्सलोव्हिड नाही, सोट्रोव्हिमॅब नावाची अँटिबॉडी शिरेतून देतात. मला गेल्या वर्षी दिली, अर्ध्या दिवसात घरी.

मध्यंतरी एव्हुशेल्ड नावाची आधीच टोचून ठेवायची अँटिबॉडी आली होती. अमेरिकेत ती खूप वापरली गेली, पण विषाणू बदलत गेला आणि जानेवारी २०२३ मध्ये तिथे ती बंद करावी लागली. २०२४ मध्ये तिथे पेमिव्हिबार्ट आली. कोणी नातेवाईक 'अमेरिकेतून इंजेक्शन पाठवतो' म्हणाले तर नाव आणि साल विचारा.

किट तिथेही मिळतं, पुण्याच्या मायलॅबचं २०२१ पासून आहे. दोन-तीन घरात ठेवा, मुदत बघून. पहिल्या दिवशी निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, ४८ तासांनी पुन्हा करा, आणि अहोंच्या बाबतीत सरळ आरटीपीसीआर.

---

गुहागरचा_चाकरमानी | २३ जुलै

मोगरावहिनी, आमचं गाव तुमच्या शेजारीच असणार.

मी गणपतीला जायला नाही म्हणेन, आणि कारण फक्त कोविड नाही. त्या दिवसांत गाड्यांत उभं राहायला जागा नसते. रस्त्याने गेलात तर महामार्गावर किती तास काढावे लागतील ते बाप्पालाच माहीत. रात्री दोनला ताप चढला तर नेफ्रॉलॉजिस्ट कुठे शोधणार? शिवाय श्रावण-भाद्रपदात आमच्याकडे लेप्टो (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप). शेताच्या बांधावरून अनवाणी आलं की झालं. कोविडच्या नादात ते विसरू नका.

तरीही गेलात तर माजघरात बसवू नका. आरतीला पन्नास माणसं, दारं बंद, धूप, वर झांजा आणि घसा ताणून 'घालीन लोटांगण'. मोठ्याने गाण्यातून कण जास्त उडतात म्हणे. खळ्यात मांडवाखाली खुर्ची टाका, तिथून बाप्पा दिसतो. आमचे आजोबा शेवटची काही वर्षं तिथूनच आरती म्हणायचे, बाप्पाने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

---

नाना_सांगलीकर | २४ जुलै

चाकरमान्यांना अनुमोदन. मोगराताई, सासूबाईंना तुम्ही नाही म्हणू नका. डॉक्टरांना म्हणू द्या. पुढच्या ओपीडीला त्यांना सोबत न्या आणि त्यांच्यासमोर विचारा. सुनेने अडवलं की ती सून वाईट, डॉक्टरांनी अडवलं की ते पथ्य. माझ्या आईला असंच समजावलं होतं.

आणि त्यांचीही काळजी घ्या. डोनरला प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या नसतात, त्यामुळे कोविडचा धोका त्यांच्या वयाच्या इतरांइतकाच. पण किडनी एकच आहे, तर पेनकिलर त्यांनाही वर्ज्य. गुडघे दुखले की बायका गुपचूप घेतात.

---

खडीसाखर | २४ जुलै

नाना, 'बायका गुपचूप' काय? आमचे सासरे डायक्लो शेंगदाण्यासारखी खातात.

---

मोगरा_डोंबिवली | २ ऑगस्ट

अपडेट. काल ओपीडी झाली, सासूबाईंना नेलं होतं. डॉक्टर त्यांच्याशीच बोलले, माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, 'आजी, तुम्ही दिलेली किडनी पहिलं वर्ष मला सांभाळू द्या.' यंदा गाव नाही. क्रिएटिनिन आणि लेव्हल अशीच राहिली तर शिमग्याचं बघू म्हणाले. सासूबाई गाडीत गप्प होत्या. संध्याकाळी त्यांनीच चुलत सासऱ्यांना फोन लावला आणि म्हणाल्या, 'डॉक्टरनं सांगितलंय, मी काय करू.' सगळा दोष डॉक्टरांवर! नानाकाका, तुमचे पाय कुठे आहेत?

लसीचं लेखी दिलंय, शोध चालू आहे. फ्लूची पुढच्या भेटीत. कोविड झालाच तर काय, हेही विचारलं. ताप १०० च्या वर, खोकला किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर लगेच फोन, रात्र असली तरी. ताप नसला तरी नुसता गळाठा आला असेल तर कळवा म्हणाले, कारण या गोळ्यांवर ताप कधी कधी चढतच नाही.

घरी दीड दिवसाचा बाप्पा आणतोय. दर्शनाला यायचं तर एका वेळी एकच कुटुंब, मास्क लावून, खिडक्या उघड्या, चहा पार्सल. ग्रुपवर मेसेज टाकला तर जाऊबाईंनी 'आम्ही काय रोगी आहोत का?' असं लिहिलं. मी उत्तर दिलं नाही. अहोंनी दिलं, 'तुम्ही नाही, मी आहे.' त्यानंतर ग्रुप शांत.

---

रोखठोक | २ ऑगस्ट

अहोंना माझा सलाम सांगा. आणि एक खरंच विचारायचंय. माझ्या मेव्हण्याला डायलिसिस सुरू झालंय, ट्रान्सप्लांटसाठी मुंबईच्या झेडटीसीसीकडे (अवयवांसाठीची प्रतीक्षायादी सांभाळणारी संस्था) नाव नोंदवायचं चाललंय. त्याने लशी आत्ताच घेऊन टाकाव्यात का?

---

परिचारिका_निवृत्त | ३ ऑगस्ट

हो, आत्ताच. नाव लागल्यावर फोन कधीही येऊ शकतो, मग वेळ उरत नाही. कोविड, फ्लू, न्यूमोकोकल, हेपटायटिस बी. कांजिण्यांसारखी जिवंत लस राहिली असेल तर ती ट्रान्सप्लांटच्या निदान चार आठवडे आधी, नंतर मिळणार नाही. त्याच्या नेफ्रॉलॉजिस्टला यादी मागा.

---

मोगरा_डोंबिवली | ३ ऑगस्ट

शेवटचा प्रश्न. लेकीला व्हॅनसाठी एन-९५ आणला, पण तो गालांवर ढिला बसतो. लहान मुलांचा वेगळा मिळतो का?

---

वारा_खातो | ३ ऑगस्ट

मिळतो, छोट्या मापाचा मागा. कानात अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागे जाणारे पट्टे चांगले बसतात. घातल्यावर तिला जोरात फुंकर मारायला सांगा. चष्म्यावर वाफ आली किंवा डोळ्यांना वारा लागला तर नाकावरची पट्टी पुन्हा दाबायची. आणि व्हॅनवाल्याला सांगा, दोन्ही बाजूंच्या खिडक्या चार बोटं उघड्या ठेव. पावसाचं कारण देईल, ऐकू नका.